दहा मिनिटांचं अंडं

अंडं दहा मिनिटांत उकडून होतं, असं सांगणारी माणसं वसई-विरारमध्ये राहत नसावीत. गॅस पेटवल्यापासून टरफल सोलेपर्यंतची ती दहा मिनिटं खरी आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या आधी आज वार कुठला, तिथी कुठली, अंड्याचं पातेलं कुणी कुठे ठेवलंय, टँकर येऊन गेला का आणि मसाला कुणाकडचा, एवढ्या चौकशा पार पडाव्या लागतात. त्या पार पडेपर्यंत रात्रीच्या जेवणाची वेळ होते आणि 'झटपट खाऊ' म्हणून मनात आलेलं अंडं शेवटी भाताबरोबर ताटात येतं.

सगळ्यात अवघड प्रकरण वाराचं. सोमवार शंकराचा. मंगळवार देवीचा, आणि विरारच्या डोंगरावर जीवदानी बसलेली असताना तिच्याकडे पाठ करून अंडी उकडायची कुणाची छाती आहे? गुरुवार दत्ताचा, साईबाबांचा आणि स्वामींचा, म्हणजे तिघांची परवानगी एकाच दिवशी काढावी लागणार. शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातही संकष्टी बुधवारी येते, एकादशी रविवारी येते, आणि शुक्रवारी घरात कुणीतरी संतोषी मातेचं व्रत धरलेलं असतं. शिवाय श्रावण आहे, गणपती आहेत, नवरात्र आहे. आमच्या घरी स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं आहे ते तारीख बघायला नाही. अंड्याच्या ट्रेकडे जाणाऱ्या हाताला वाटेत ते आडवं येतं.

या पार्श्वभूमीवर दूरदर्शनवरची ती जुनी जाहिरात आठवा. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये निघाली, पुण्याच्या बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने. अंड्याचा रोजचा भाव जाहीर करणारी हीच ती समिती. तिच्या जाहिरातीचं गाणं दोन पिढ्यांच्या डोक्यातून जात नाही. पण रविवारच्या जोडीला त्यात वार कुठला घातला? सोमवार! सात वारांतून निवडून नेमका शंकराचा वार. गाणं हिंदीत होतं, देशभरासाठी होतं, यमकाची अडचण असेल, सगळं मान्य. तरी समिती महाराष्ट्रातली, एकदा कुणाच्या आईला विचारायला काय हरकत होती?

सरकारचं पंचांग मात्र पक्कं. राज्याच्या शिक्षण खात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, तेव्हा दिवस सांगितला बुधवार किंवा शुक्रवार. तो मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाच्या घरी आमच्यासारखंच कॅलेंडर असणार. अंडं न खाणाऱ्या मुलाला केळं, अशीही सोय होती. केळ्यावर वसईकर अख्खी वही लिहून देईल, पण ते असो. पुढे २०२५च्या सुरुवातीला अंड्यासाठीचा निधीच थांबला आणि लोकवर्गणीतून बघा, असं शाळांना सांगण्यात आलं. वर्गणी म्हटल्यावर पुन्हा सगळं गणपती मंडळाच्या वळणावर येतं.

आमच्या इमारतीत अंड्याचं दुसरंही एक पंचांग चालतं. वसईत चर्चच्या घंटेवर घड्याळ लावणारी घरं पुष्कळ आहेत. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी त्यांच्याकडे मांस नसतं, अंडं चालतं. त्यामुळे त्या शुक्रवारी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत दोन्ही पंचांगांचं एकमत होतं आणि जिन्यात एकच वास दरवळतो. पूर्वी युरोपात चर्चने उपवासाचे चाळीस दिवस अंडीही वर्ज्य ठेवली होती. माणसांना हा नियम कळला, कोंबड्यांना कुणी कळवला नाही. त्या घालतच राहिल्या. चाळीस दिवसांची अंडी साठली, ती रंगवून, वाटून, खाऊन संपवायची वेळ आली ती ईस्टरला. आज वसईच्या बेकऱ्यांत ईस्टरला मिळणारं अंडं मार्झिपानचं असतं, गोड असतं आणि त्याला उकडावं लागत नाही. झटपट म्हणायचं तर तेच खरं झटपट.

तिसरं पंचांग शाकाहारी शेजाऱ्यांचं. त्यात सगळेच वार बंद असतात, निदान स्वतःच्या घरात. वरच्या मजल्यावरचा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या घरी कांदासुद्धा विचारून येतो. आमच्याकडे मात्र तो बरोबर बुधवारी, बरोबर सात वाजता, गणिताची शंका घेऊन येतो. शंका दोन अंड्यांत फिटते. जाताना तोंड धुतो, बडीशेप खातो, आणि त्याची आई संध्याकाळी जिन्यात भेटली की विचारते, ''आमचा हा तुम्हाला फार त्रास देतो का हो?'' आम्ही म्हणतो, ''छे हो, हुशार आहे.'' वास्तविक त्या माउलीला सगळं माहीत आहे. एकदा त्यांच्याकडे पाहुणे आले होते तेव्हा तिनेच हळूच सांगितलं, ''आज त्याला पाठवत नाही. तुम्ही उगाच जास्तीची टाकू नका.''

इमारतीची अंडीपिल्ली ज्याला माहीत असतात तो म्हणजे कचरा नेणारा. कुठल्या मजल्यावरच्या बादलीतून टरफलं निघतात आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीला दोन गाठी मारून कोण देतं, हे त्याला तोंडपाठ. पण तो बोलत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला अशा माणसाकडून शिकण्यासारखं खूप आहे.

आता पातेलं. प्रत्येक मराठी घरात अंड्याचं पातेलं असतं, आणि ते कधीही विकत आणलेलं नसतं. ते पदावनती होऊन आलेलं असतं. कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेलं, मग दुधाचं झालेलं, मग चहाचं, मग एका बाजूला चेपलेलं, कान तुटलेलं, आणि शेवटी अंड्याचं. त्याची जागा ओट्यावर नाही. ती सिंकच्या खाली, फिनेलच्या बाटलीच्या शेजारी. घासायचा काथ्याही निराळा. आमचं पातेलं ॲल्युमिनियमचं आहे आणि आत, साधारण चार बोटं उंचीवर, त्याला एक पांढरी रेघ आहे. हा टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यातला क्षार. वर्षानुवर्षं तेवढंच पाणी घातल्यामुळे तो तिथेच साठत गेलाय. घरातल्या कुणालाही विचारा, अंड्यांना पाणी किती? ''रेघेपर्यंत.'' नवी सून आली तर तिला दागिने नंतर, आधी ही रेघ दाखवायला हवी. रेघेच्या खाली भांडं काळं पडतं, म्हणून पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाकायची. ती साल सकाळपासून एका वाटीत जपून ठेवलेली असते. उकडून झाल्यावर ते पाणी फेकायचं नसतं. गार करून झाडांना घालायचं, कारण एक तर कॅल्शियम आणि दुसरं म्हणजे टँकरचे पैसे. पैकी दुसरं कारण खरं.

अंडं हा खरा संध्याकाळचा खाऊ. विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ मध्ये सुटली, आणि तेव्हापासून इथला माणूस रोज संध्याकाळी भुकेला घरी येतो आहे. चर्चगेटहून विरार फास्ट पकडली की बोरिवलीपर्यंत जीव मुठीत असतो, दहिसर गेल्यावर भुकेची आठवण होते, आणि नायगावच्या खाडीवरचा वारा लागला की ती भूक खवळते. लेडीज डब्यात या वेळात उद्याची भाजी निवडून होते. मेथी खुडतात, मटार सोलतात, लसणीची टरफलं काढतात, वाढदिवसाला केक कापतात, डोहाळजेवणंही झालेली आहेत. सगळं चालतं. पण त्याच डब्यात कुणी डब्यातून उकडलेलं अंडं काढून सोलायला घ्यावं, म्हणजे लोकमत कसं तयार होतं ते कळेल. कुणी बोलत नाही. पदर फक्त नाकाला जातात. तीन बाकांपलीकडची बाई, जिच्या स्वतःच्या पिशवीत सुके बोंबील आहेत, ती म्हणते, ''काय बाई वास!''

म्हणून स्टेशनाबाहेरचा गाडीवाला. नालासोपाऱ्याला उतरून पुलावरून खाली आलात की रात्री आठनंतर अंड्याच्या गाड्या लागलेल्या दिसतात. बुर्जीचा तवा खणखणत असतो, पण बघण्यासारखा कारागीर म्हणजे नुसती उकडलेली अंडी विकणारा. तो अंडं गाडीच्या लोखंडी काठावर दोनदा हलकेच टेकवतो, आपटत नाही. मग फळीवर ठेवून तळहाताखाली एकदाच पुढे लोळवतो. टरफलावर बारीक जाळं उमटतं. बोथट बाजूला जिथे आत हवेची पोकळी असते तिथे अंगठ्याचं नख, आणि सालपट पट्टीसारखं उलगडत येतं. कापायला सुरी नाही. गाडीच्या खिळ्याला एक दोरा बांधलेला, दुसरं टोक हातात, अंडं त्यावरून ओढलं की दोन फोडी, पिवळ्याचा एक कणही न सांडता. वर काळं मीठ, लाल तिखट, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू. खाणाऱ्याचं निम्मं होईपर्यंत याची पुढची दोन सोलून तयार असतात. तुम्ही नको म्हणायच्या आत.

घरी तेच करायला गेलं की मतभेद सुरू. पहिला पक्ष म्हणतो, अंडी गार पाण्यातच टाकायची, म्हणजे तडकत नाहीत. दुसरा म्हणतो, पाण्याला आधण येऊ दे, मग चमच्याने सोड. तिसरा पक्ष कुकरवाला. तो डाळ-भाताबरोबर वरच्या भांड्यात अंडी ठेवून तीन शिट्ट्या काढतो आणि आपण गॅस वाचवला म्हणून आठवडाभर सांगतो. विज्ञान बऱ्यापैकी दुसऱ्याच्या बाजूने आहे. उकळत्या पाण्यात सोडलेल्या अंड्याचं पांढरं आतल्या पातळ पापुद्र्याला कमी चिकटतं आणि सोलणं सोपं जातं. आठ मिनिटांत पिवळं मधोमध किंचित ओलसर राहतं, दहा-अकरा मिनिटांत पूर्ण घट्ट. लगेच गार पाण्यात. तिसऱ्या पक्षाच्या अंड्यांत पिवळ्याभोवती हिरवट-करड्या रंगाचं कडं दिसतं. ते विषारी वगैरे नाही. फार वेळ तापल्याने पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांची गाठ पडते, एवढंच. पण कुकरवाल्याला ते सांगायला जाऊ नका, तो म्हणेल ''लोह आहे ना? मग चांगलंच की.''

याहून मोठा भ्रम ताज्या अंड्याचा आहे. वसईची माणसं ताज्या मालाच्या बाबतीत कडक. भाजीवालीच्या टोपलीतल्या वांग्याचं देठ मोडून बघतात, केळफूल नखाने टोचतात, बोंबलाचे डोळे तपासतात. साहजिकच गावातून सकाळी आणलेलं गरम गरम गावठी अंडं उकडायला घेतात, आणि सोलताना निम्मं पांढरं टरफलाबरोबर जातं. हाती राहतो तो पिवळा गोळा आणि त्याला चिकटलेली लक्तरं. कारण साधं आहे. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कर्बवायू जास्त असतो, तो टरफलाच्या बारीक छिद्रांतून हळूहळू निघून जातो आणि पांढरं जसं अधिक अल्कधर्मी होतं तसं पापुद्रा सोडू लागतं. म्हणजे उकडायला आठवडाभर जुनं अंडं उत्तम. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हे शास्त्र ठाऊक नसेल, पण तो ते काटेकोर पाळतो. फक्त पाण्यात टाकल्यावर जे तरंगेल ते फेकून द्या. तिथे शास्त्र आणि आजी दोघांचं एकमत आहे.

पिवळ्याचा प्रश्न निराळाच. आमच्या मजल्यावर एक काका आहेत. डॉक्टरांनी कधीकाळी कोलेस्टेरॉल म्हटलं आणि काकांनी पिवळं सोडलं ते सोडलं. अमेरिकेने आहाराच्या आपल्या शिफारशींतून कोलेस्टेरॉलची रोजची तीनशे मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ मध्ये काढून टाकली, हे काकांना सांगून पाहिलं. काका म्हणाले, ''अमेरिकेचं काय सांगू नकोस, ते आपला आंबासुद्धा नाकारतात.'' यावर काय बोलणार? काकांचं औषध काकांच्या डॉक्टरांनी ठरवावं. दुसरीकडे त्यांचाच पुतण्या जिमला जातो. तो एका बैठकीला सहा अंड्यांचं पांढरं खातो आणि पिवळे गोळे ताटलीच्या कडेला रांगेने लावतो. अख्ख्या अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं, त्यातली अडीच-पावणेतीन ग्रॅम त्या पिवळ्यातच, म्हणजे विकत घेतलेल्या मालातला चाळीस टक्के माल हा पठ्ठ्या मांजराला घालतो. मांजराचं अंग मात्र कमालीचं भरलंय. दंडसुद्धा.

आता मुख्य कृती. तिला लागणारा मसाला दुकानात मिळतो तो नव्हे. खालच्या मजल्यावरच्या आंटींकडे बाटली मसाला असतो. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांची ही खासियत. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवून, निरनिराळे भाजून, लाकडी उखळीत उंच मुसळांनी कुटायचे आणि बियरच्या गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचे. बाटली गडद, म्हणून उजेडाने मसाल्याचा रंग उडत नाही आणि वर्षभर टिकतो. आधी बाटल्या रिकाम्या कशा झाल्या हे विचारायचं नसतं. तसं बघितलं तर यातली मिरचीच मुळात पोर्तुगीजांबरोबर समुद्रावरून आली. ते वसईच्या किल्ल्यात दोनशे वर्षं राहिले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, मिरची आणि पाव मागे राहिले. तहात एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं.

तर अंडी उकडून, गार करून, उभी अर्धी करायची. दोरा नसेल तर सुरी प्रत्येक अंड्यामागे ओल्या फडक्याने पुसायची. तवा तापला की दोन चमचे तेल आणि ठेचलेल्या लसणीच्या चार-पाच पाकळ्या. लसणीच्या कडा बदामी झाल्या की गॅस अगदी बारीक. मग सपाट चमचाभर बाटली मसाला आणि मीठ. इथे फोन वाजला तरी घ्यायचा नाही, कारण हा मसाला भाजलेलाच असतो, तो पंधरा सेकंदांत करपतो आणि करपला की अख्ख्या जिन्याला खोकला लागतो. लगेच पाण्याचा एक हबका. मसाला तेल सोडू लागला की फोडी पिवळ्या बाजूने खाली ठेवायच्या आणि मिनिटभर हात लावायचा नाही. पाहुण्यांसमोर ढवळून दाखवायची हौस असते, त्यातच पिवळं सुटून तव्यावर पसरतं आणि त्याची बुर्जी होते. मिनिटाने एकदाच उलटायच्या. पिवळ्यावर लालसर, किंचित कुरकुरीत थर आलेला असतो. वर लिंबू, कोथिंबीर, पातळ चिरलेला कांदा. आणि सोबत बेकरीतला कडक पाव, तव्यावरचा उरलेला मसाला पुसून घ्यायला. तो पुसलेला पाव कुणाला मिळतो यावरून आमच्या घरात सख्खी भावंडं एकमेकांशी बोलेनाशी झालेली आहेत.

मसाला मागायला आंटींकडे वाटी घेऊन गेलात तर दोन गोष्टी पाळा. वाटी परत देताना रिकामी देऊ नका, त्यात काहीतरी घालून द्या; आणि ''आमचा मालवणी मसालापण असाच लागतो'' हे वाक्य चुकूनही उच्चारू नका. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दार उघडणार नाही.

हिशेबाचं एकच सांगतो. माणशी दोन अंडी हे प्रमाण पाककृतीच्या पुस्तकात ठीक आहे. बुधवारी चार जास्तीची टाका. गणिताची शंका येणार असते.